कानाचं मशीन घ्यावं का गिंकोच्या गोळ्या?

दर्यापूरकडून मामेभावाचा फोन आला, मामा एकच गोष्ट चारदा विचारून राहिले, टीव्हीचा आवाज फुल्ल, कापसाचे पैसे हातात हायेत तर मशीन घेऊ का गिंकोच्या, म्हणजे एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या, 'मेंदूच्या' गोळ्या? म्हटलं भाऊ, डब्यावर काय छापलंय ते सोड.

गोळ्यांचा हिशोब सोपा हाय. अमेरिकेत 75 अन् पुढच्या वयाच्या 3069 लोकांवर प्रयोग झाला, रोज दोनदा 120 मिलिग्रॅम गिंको, जवळपास सहा वर्षं. 2008 मधे निकाल आला, डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, काही कमी झाला नाही. वरून रक्त पातळ करायचं औषध सुरू असन तर रक्तस्रावाची भीती, अन् खर्च महिन्याच्या महिन्याला.

मशीनचं जरा वेगळं. 2023 च्या अचीव्ह नावाच्या कानाच्या मशीनवरच्या अभ्यासात 70 ते 84 वयाचे 977 जण होते, तीन वर्षं पाहिलं, सगळे मिळून फरक दिसलाच नाही, पण ज्यांना बीपी-शुगरसारख्या गोष्टींनी आधीच धोका जास्त होता त्यांच्यात मशीनवाल्यांच्या बुद्धीची घसरण 48 टक्के कमी. म्हणजे जादू नाही. मशीन एकदम महाग पडते, पण उत्पन्न कमी असन तर एडिप या अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारी योजनेत मिळू शकते. त्रास सवयीचा, सुरुवातीला भांड्याचा आवाजही टोचते, आमच्या आबांनी तीन महिने कोनाड्यातच ठेवलं होतं.

ऐकू कमी येत असन अन् बीपी-शुगरही असन तर आधी कान तपासून मशीन. कान चांगले असतील तर दोन्ही नको, विसरण्यासाठी डॉक्टरलेच दाखव. गिंको मात्र मी कोणालेच घे म्हणणार नाही.