कुंपणासाठी करवंदाची रोपे : खानापूर रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेचा अनुभव

परड्याला बारमाही हिरवे, काटेरी आणि फळ देणारे कुंपण हवे असेल, तर बेळगाव परिसरात करवंदाइतके सोयीचे झुडूप दुसरे नाही, असे माझे मत आहे. जांबोटी-कणकुंबीच्या रानातली करवंदे एप्रिल-मे महिन्यांत पानांच्या द्रोणांतून बाजारात येतात, त्यामुळे हे रोप विकत कशाला घ्यायचे, असे अनेकांना वाटते. परंतु रानातून उपटलेल्या रोपाचे सोटमूळ बहुधा तुटते आणि ते जगण्याचा भरवसा राहत नाही. म्हणून बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेतून आम्ही रोपे आणली.

तेथे तीन प्रकारची रोपे मिळतात : बियांपासून केलेले साधे करवंद चाळीस रुपयांना, गुटी कलम (म्हणजे मूळ झाडाच्या फांदीलाच मुळे फोडून केलेले रोप) एकशे वीस रुपयांना आणि शोभेचे म्हणून ठेवलेले नाताल प्लम एकशे ऐंशी रुपयांना. किमतीतला फरक पाहून बहुतेक जण पहिल्या प्रकाराकडे वळतात, आणि लांबलचक कुंपणासाठी ते योग्यही आहे. मात्र बियांची रोपे एकसारखी निपजत नाहीत, एकाचे फळ गोड तर शेजारच्याचे आंबट निघते आणि पहिला बहर यायला साधारण तिसरे वर्ष उजाडते. लोणच्यासाठी किंवा जेलीसाठी फळ हवे असणाऱ्याने मोजकी का होईना, गुटी कलमेच घ्यावीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘कोकण बोल्ड’ या मोठ्या फळाच्या जातीची विचारणा केली असता, ती सध्या शिल्लक नसल्याचे तेथील मावशींनी स्पष्ट सांगितले. दुसरेच रोप त्या नावाने गळ्यात मारले नाही, हे मला विशेष वाटले.

नाताल प्लम मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि करवंदाच्याच गोत्रातले. पाने जाड व तुकतुकीत, फुले पांढरीशुभ्र, सुवासिक आणि करवंदापेक्षा बरीच मोठी, फळ पिकल्यावर लालभडक. फाटकाजवळ किंवा मोठ्या कुंडीत ते निःसंशय देखणे दिसते. परंतु एकट्या रोपाला फळ धरेलच असे नाही, कारण पुष्कळ रोपांना परपरागीकरणासाठी दुसऱ्या रोपाची गरज भासते, आणि हे विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही आणि ती अधिक गंभीर आहे : ही झुडपे कण्हेरीच्या कुळातली असून फांदी तोडताच पांढरा चीक येतो, आणि नाताल प्लमचे पिकलेले फळ वगळता बाकीचे भाग विषारी मानले जातात. लहान मुले असलेल्या घरांसाठी एक साधी पाटी लावणे रोपवाटिकेला अवघड नव्हते.

खरी तक्रार आहे ती पाणी व मातीविषयीच्या सल्ल्याची. ‘रोज पाणी घाला’ असे प्रत्येक गिऱ्हाइकाला सरसकट सांगितले जाते, आणि करवंद मरते ते बहुधा पाण्याच्या अभावाने नव्हे, तर मुळाशी साचलेल्या पाण्याने. खानापूर, जांबोटीकडच्या जांभ्याच्या तांबड्या जमिनीत पाणी झटकन निचरते, तेथे जूनअखेर ते जुलैत लावलेले रोप पावसावरच तगते आणि पहिला उन्हाळा संपेपर्यंत आठवड्याला एखादे पाणी पुरते. बैलहोंगल, गोकाककडच्या काळ्या जमिनीत मात्र खड्डा भरताना मुरूम व वाळू मिसळणे, रोप उंचवट्यावर लावणे आणि आळे न करणे श्रेयस्कर आहे. अन्यथा पावसाळ्यात पाने पिवळी पडून झडू लागतात. शेणखत खड्ड्यात एकदा घातले की पुरते. या झुडपाला अतिलाड सोसत नाहीत.

कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते तीन फुटांचे अंतर ठेवावे. छाटणी करताना मात्र एका बाबीचा विचार आवश्यक आहे, कारण फुले फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. वर्षभर कात्री चालवून भिंतीसारखे सपाट कुंपण राखणाऱ्याला फळे मिळणार नाहीत. फळे उतरल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी एकदाच छाटावे आणि जाड हातमोजे घालावेत.

रोपांची प्रत एकंदरीत चांगली होती. पिशवीतली मुळे गोल गुंडाळलेली नव्हती आणि बहुतेक रोपे लागली. रोपांच्या नावांच्या चिठ्ठ्यांचा घोळ तेवढा खटकला : करवंदाच्या वाफ्यात नाताल प्लमची काही रोपे मिसळलेली आढळली, आणि फुले नसताना ती ओळखायची तर पानाचा जाडपणा व चकाकी पाहण्यावाचून गत्यंतर नाही. कामगार मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात, उत्तरे सौजन्याने देतात, आणि पिशवी फाडून मूळ दाखवण्यास कुरकुर करत नाहीत. घरपोच सेवा नाही. अधिक रोपे न्यायची असतील तर स्वतःचे वाहन न्यावे लागते आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला, रविवारी विशेषतः, गुटी कलमे दुपारपूर्वीच संपतात.