आई-बाबांना मेंदूचा आजार: लाळेचं किट, रक्ताची तपासणी की काहीच नको?

"आईला अल्झायमर झालाय, मग मी जनुकीय तपासणी करून घेऊ का?" नागपुरात धंतोली-रामदासपेठेत न्यूरॉलॉजिस्टकडे आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या मुलांच्या तोंडी हा प्रश्न असतो. वाटा तीन असतात: ऑनलाइन मागवायचं लाळेचं किट, डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्ताची तपासणी, आणि तपासणी न करणं. लोक त्यांची तुलना किमतीवरून करतात. माझ्या मते ती घराण्याच्या इतिहासावरून करायला हवी. घरात कोण, कितव्या वर्षी, कशाने आजारी पडलं यावरच ठरतं की रिपोर्ट कामाचा निघेल की नुसता जिवाला घोर लावेल.

विदर्भात जनुकीय तपासणी म्हटलं की सिकलसेल आठवतो. तिथे उत्तर सरळ मिळतं: एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार, आणि नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता 25 टक्के. मेंदूच्या बहुतेक आजारांत असं सरळ उत्तर नसतं. तीच अपेक्षा धरून किट मागवलं तर हमखास फसगत होते.

किटमध्ये अल्झायमरसाठी मुख्यतः एपीओई हे एकच जनुक पाहतात. त्याचे ई2, ई3 आणि ई4 असे तीन प्रकार आहेत. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. ई4ची एक प्रत असेल तर उतारवयातल्या अल्झायमरचा धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो, दोन असतील तर आठ ते बारा पट. ई2 असेल तर धोका उलट घटतो. हे आकडे मात्र प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. हरियाणातल्या बल्लभगढमधल्या भारत-अमेरिका अभ्यासात ई4चं प्रमाण अमेरिकेतल्या गटापेक्षा कमी होतं आणि अल्झायमरही कमी आढळला. शिवाय ई4 असून नव्वदीतही स्मरणशक्ती शाबूत असलेली माणसं असतात, आणि ई4 नसताना आजार झालेलीही पुष्कळ. त्यामुळे निदान या रिपोर्टवर होत नाही.

पार्किन्सनच्या बाबतीत तर मी किट सरळ टाळायला सांगेन. काही परदेशी किट एलआरआरके2 आणि जीबीए या जनुकांतले मोजके ठरावीक बदलच तपासतात. त्यांतला एलआरआरके2चा बदल अश्केनाझी ज्यू आणि उत्तर आफ्रिकी लोकांत जास्त सापडतो, भारतात अगदी विरळा. तेव्हा 'बदल आढळला नाही' हे वाक्य वाचून इथल्या माणसाने निर्धास्त होण्यात अर्थ नाही. माहितीच्या सुरक्षिततेचाही विचार करा. अमेरिकेतली ट्वेंटीथ्री-अँड-मी ही कंपनी मार्च 2025मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लाखो ग्राहकांच्या डीएनएच्या माहितीचं काय होणार, हा प्रश्न उघड्यावर आला.

ई4 कळण्याचा एक उपयोग खरा आहे, पण तो रुग्णासाठी. लेकॅनेमॅबसारखी अल्झायमरवरची नवी औषधं देण्याआधी एपीओई पाहतात, कारण ई4च्या दोन प्रती असणाऱ्यांच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो. ती तपासणी डॉक्टरच सांगतील.

रक्ताच्या तपासणीची गोष्ट वेगळी. एकच जनुक बिघडल्याने आजार होतो अशा घरांसाठी तीच योग्य. उदाहरणार्थ हंटिंग्टन, म्हणजे अनैच्छिक हालचाली आणि बुद्धीचा ऱ्हास घडवणारा मेंदूचा आनुवंशिक आजार. त्याचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, 1993मध्ये सापडलं. त्यात सीएजी या डीएनएच्या अक्षरांची पुनरावृत्ती मोजतात: 26पर्यंत सामान्य, 36 ते 39 असेल तर आजार होईलही किंवा नाहीही, आणि 40 किंवा जास्त असेल तर पूर्ण आयुष्य मिळालेल्याला तो होतोच. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला शक्यता 50 टक्के. साठीच्या आत, पिढ्यानपिढ्या दिसणारा अल्झायमरही याच गटातला. एपीपी, पीएसईएन1 आणि पीएसईएन2 ही त्याची जनुकं. एकूण रुग्णांत अशांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी.

आपल्या भागातली दोन उदाहरणं मुद्दाम सांगतो. एससीए12 हा अटॅक्सियाचा (तोल आणि हालचालींवरचा ताबा जाण्याच्या आजाराचा) प्रकार भारतात विशेषतः उत्तरेतून आलेल्या अग्रवाल कुटुंबांत सापडतो. त्याची सुरुवात बहुधा हात थरथरण्याने होते आणि तो पार्किन्सन समजला जाऊ शकतो. नागपुरात ही कुटुंबं पुष्कळ आहेत, म्हणून डॉक्टरांना समाज सांगायला संकोच करू नका. दुसरं, घरात मामेबहिणीशी लग्न झालं असेल आणि चाळिशीच्या आत कोणाला पार्किन्सन झाला असेल, तर पार्किन किंवा पिंक1 या जनुकांची शंका घेतात. तो आजार दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तरच होतो, सिकलसेलसारखाच.

एएलएस, म्हणजे स्नायू हळूहळू लुळे पाडणारा मज्जापेशींचा आजार, असेल तर तपासणीकडे माझा कल जास्त. त्यातल्या एसओडी1 जनुकाच्या रुग्णांसाठी टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत एप्रिल 2023मध्ये मान्यता मिळाली. जनुक कळलं नाही तर औषधाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता पैसे भरण्याआधी विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. एक्झोम म्हणजे सगळ्या जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग एकदम वाचणारी तपासणी. 'एक्झोम केला, नॉर्मल आला' म्हणून हंटिंग्टन किंवा अटॅक्सिया नाही, असं होत नाही. अक्षरांची वाढलेली पुनरावृत्ती नेहमीच्या एक्झोममध्ये खात्रीने दिसत नाही, त्यासाठी वेगळी पीसीआर तपासणी लागते. पार्किन जनुकातला गळालेला तुकडाही निसटू शकतो, तिथे एमएलपीए ही असे तुकडे शोधणारी तपासणी लागते. म्हणून लॅबला 'काय काय तपासता?' याआधी 'काय सुटतं?' हे विचारा. आणि 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका. तुलनेसाठी भारतीयांचे जीनोम (संपूर्ण डीएनएच्या नोंदी) आजवर कमी होते, म्हणून असे शेरे आपल्याकडे जास्त येतात. 10,000 भारतीयांच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने ही उणीव हळूहळू भरून निघेल.

रक्त नागपुरात दिलं तरी नमुना बहुधा बाहेरगावच्या लॅबला जातो. त्याला हरकत नाही. समुपदेशन मात्र तपासणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा हवंच. इथे सोय झाली नाही तर बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत त्यासाठी जनुकीय क्लिनिक आहे. लक्षणं नसलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची तपासणी करू नये, हा जगभरचा नियम आहे. आणखी एक गुंता: आजोबांना हंटिंग्टन होता, बाबांनी तपासणी केलेली नाही, आणि नातवाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर बाबांचाही निकाल त्यांना न विचारता लागला. घरात आधी बोला.

तपासणी न करणं हा पळपुटेपणा नाही. हंटिंग्टनचा धोका असलेले बहुसंख्य लोक जगभर हाच निर्णय घेतात, कारण आजार थांबवणारं औषध अजून नाही. उतारवयातल्या स्मृतिभ्रंशासाठी तर मी हाच पर्याय पहिला ठेवेन. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या तज्ज्ञ आयोगानुसार बदलता येण्याजोगे 14 धोके हाताळले तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, गाडीवर हेल्मेट: ई4 असो वा नसो, करायचं हेच. विम्याचा विचारही तपासणीआधी करा. जनुकीय भेदभावाविरुद्ध अमेरिकेत 2008चा कायदा आहे, तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

थोडक्यात, सत्तरीनंतर एकट्या आईला विस्मरण सुरू झालं असेल तर किट नको, तपासणीही नको. आजार साठीच्या आतला असेल किंवा दोन-तीन पिढ्यांत दिसत असेल, तर रक्ताची तपासणी, आणि ती आधी आजारी माणसाची. त्यांच्यात नेमका बदल सापडला तरच तुमच्या रिपोर्टमधल्या 'नाही'ला अर्थ येतो. त्यांचं वय झालं असेल आणि तुमचा निर्णय होत नसेल, तर त्यांच्या रक्तातून डीएनए काढून जपून ठेवता येईल का, हे डॉक्टरांना पुढच्याच भेटीत विचारा. तुमची स्वतःची तपासणी नंतर कधीही होऊ शकते.