नाजूक त्वचेची दाढी: कार्ट्रिज, दुधारी ब्लेड, शेव्हर की ट्रिमर?

दाढी केली की मान लाल होते, दिवसभर कॉलर घासून आग होते, आणि मग कोणीतरी सांगतं, "अरे, चांगला रेझर घे." आता चांगला म्हणजे कुठला? दुकानदार सगळ्यात महाग तो दाखवतो. नाजूक त्वचेच्या माणसाला बऱ्याचदा तोच सगळ्यात जास्त छळतो. म्हणून खरेदीआधी आपला त्रास कोणत्या जातीचा आहे ते पाहून घ्यावं.

दाढी झाल्याझाल्या चरचर, लाली आणि ताण जाणवत असेल आणि दोनेक दिवसांत सगळं निवळत असेल, तर ती घासण्याची जखम. पात्याने केसांबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडला गेलेला असतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जबड्याखाली आणि गळ्यावर टणक पुटकुळ्या येत असतील, त्यात मध्येच एखादा काळा केस वळलेला दिसत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. तिथे केस त्वचेत उलटा शिरतो किंवा बाहेर यायच्या आधीच आत वळतो, आणि शरीर त्याला परकी वस्तू समजून सूज आणतं. कुरळ्या, जाड केसांच्या लोकांना हे जास्त होतं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पुटकुळी गेली तरी तिचा काळा डाग महिनोन्महिने राहतो.

पहिल्या त्रासात दाढी कशी करता याला महत्त्व आहे. दुसऱ्यात किती घोटून करता याला. पुढची सगळी तुलना या दोन प्रश्नांभोवती फिरते.

कार्ट्रिज की दुधारी ब्लेड

कार्ट्रिज म्हणजे रेझरचं बदलता येणारं पात्यांचं डोकं. दोन पात्यांचं कार्ट्रिज 1971 मध्ये आलं, तीन पात्यांचं 1998 मध्ये, पाच पात्यांचं 2006 मध्ये. तत्त्व तेच राहिलं: पुढचं पातं केस कापताना त्याला थोडा वर ओढतं, आणि तो परत आत जायच्या आत मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं. केसाचं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं, म्हणून हात फिरवल्यावर गाल काचेसारखा लागतो. सरळ केसांच्या माणसाला हे वरदान आहे. पुटकुळ्या येणाऱ्यासाठी मात्र रोगाचं मूळ इथेच आहे: तिरकं कापलेलं टोकदार टोक त्वचेखाली, आणि वर यायची वाट अरुंद.

शिवाय पाच पात्यांचा रेझर गालावरून एकदा फिरवला की त्या जागेवरून पाच पाती गेली. आपण सवयीने तीनदा फिरवतो. लाली कुठून येते हे वेगळं सांगायला नको.

कार्ट्रिजची जमेची बाजूही खरी आहे. डोकं चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे फिरतं, कापण्याची भीती कमी, सकाळी पाच मिनिटांत काम होतं. हात थरथरणाऱ्या वयस्कर माणसाला मी कार्ट्रिजच सुचवेन. पण पाती जितकी कमी तितकं बरं. 2010 मध्ये जिलेटने खास भारतासाठी 'गार्ड' आणला: एकच पातं, रेझर 15 रुपयांना, कार्ट्रिज 5 रुपयांना. घरात नळाचं वाहतं पाणी नसताना वाटीभर पाण्यात दाढी करणाऱ्यांचा विचार करून तो बनवला होता, म्हणून त्यात केस अडकत नाहीत आणि तो पटकन धुतला जातो. नाजूक त्वचेसाठी म्हणून तो बनवला नव्हता, तरी एक पातं आणि झटपट धुतलं जाणारं डोकं हे दोन्ही गुण आपल्या कामाचे आहेत. कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर इथून करा.

दुधारी ब्लेडचा रेझर, आजोबांच्या डब्यातला तो धातूचा, इथे सरस ठरतो. एकच धार त्वचेच्या पातळीला केस कापते, खाली नाही. ब्लेड काही रुपयांना मिळतं, त्यामुळे तीन-चार दाढ्यांनंतर ते टाकून देताना जीव तुटत नाही. महागड्या कार्ट्रिजचं नेमकं उलटं होतं: बोथट झालं तरी माणूस ते महिनाभर रेटतो, आणि धार गेली की हाताचा जोर वाढतो. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर पातं बदला असं सांगते. नाजूक त्वचेला मी पाचच्या आतच थांबेन.

किंमत मोजावी लागते ती शिकण्याच्या काळाची. पातं त्वचेशी साधारण 30 अंशांत धरायचं, दांडा हलक्या बोटांनी पकडायचा आणि रेझरच्या वजनानेच तो खाली येऊ द्यायचा. दाबलं की कापलं. पहिले काही आठवडे हनुवटीवर आणि नरड्याच्या घाटीवर बारीक रक्त येतं. गालावर भरपूर मुरुमं असतील तर हा रेझर सध्या नकोच.

शेव्हर आणि ट्रिमर

हे दोन्ही विजेवर चालतात, म्हणून लोक त्यांना एकाच माळेत ओवतात. फरक मोठा आहे. शेव्हरमध्ये पातळ जाळीच्या आड पाती फिरतात, ती त्वचेला थेट लागत नाहीत. जळजळीचा त्रास असणाऱ्या बऱ्याच जणांना याने आराम पडतो, पण लगेच नाही. त्वचेला दोन-तीन आठवडे सवय व्हावी लागते, आणि नेमकं त्याच काळात लोक तो कपाटात टाकून देतात. सरळ जाळीचा आणि गोल डोक्यांचा अशा दोन प्रकारांत, रोज दाढी करणाऱ्या नाजूक त्वचेच्या माणसाने जाळीचा घ्यावा असं माझं मत आहे. दोन-तीन दिवसांची, मानेवर आडवी लोळलेली दाढी मात्र त्याला पकडता येत नाही. मग तेच तेच घासलं जातं आणि लाली येते.

मुंबई-कोकणात आणखी एक अडचण. घामेजल्या चेहऱ्यावर कोरडा शेव्हर सरकत नाही, त्वचा ओढत जातो. तो आंघोळीआधी, चेहरा कोरडा असताना, पंख्याखाली वापरावा. फेस लावून चालणारं मॉडेल परवडत असेल तर उत्तमच.

ट्रिमर दाढी करत नाही, खुंट ठेवतो. आणि पुटकुळ्यांवर याच्याइतका बिनखर्चिक, बिनऔषधी उपाय दुसरा नाही. केस त्वचेच्या वर मिलिमीटरभर राहिला तर त्याला आत शिरायला वाव उरत नाही. महिना-दोन महिने फक्त ट्रिमरवर राहिलात तर आत अडकलेले केसही बहुतेक आपोआप सुटतात. ऑफिसात खुरटी दाढी चालत असेल तर पुटकुळीवाल्याने बाकी काही विकत घेऊच नये. लग्नाआधी चेहरा गुळगुळीत हवा म्हणून आठवडाभर रोज घोटून दाढी करणाऱ्या मुलांना तर हे हात जोडून सांगावंसं वाटतं.

सलूनची खुर्ची

सलूनमधला वस्तरा म्हणजे दुधारी ब्लेडचाच भाऊ. कारागीर कागदात गुंडाळलेलं ब्लेड तसंच मधोमध वाकवतो, कट्कन मोडतो, आणि अर्धं पातं वस्तऱ्याच्या खोबणीत सरकवतो. हे आपल्या डोळ्यांदेखत व्हायला हवं, कारण रक्तातून पसरणाऱ्या काविळीसारखे आजार वापरलेल्या पात्यातून येऊ शकतात. पण पातं नवं असलं तरी ब्रश, टॉवेल आणि तुरटीचा खडा दिवसभर सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरलेला असतो. फेस बोटांनी लावायला सांगा, तुरटी नको म्हणा.

सगळ्यात महत्त्वाचं, एक हात झाल्यावर कारागीर विचारतो, "उलटा मारू का?" तुमचं उत्तर "नको" हेच. हात चांगला असलेल्या माणसाकडे एकाच सुलट्या हाताची दाढी घरच्या कुठल्याही रेझरपेक्षा सौम्य होते. घाईत, शनिवार-रविवारच्या गर्दीत मात्र जाऊ नका.

कुठलंही घेतलं तरी

2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला मानवी केस ब्लेडच्या धारेचे कपचे उडवू शकतो. म्हणजे केस आधी मऊ करणं हे त्वचेच्या आणि पात्याच्या दोघांच्याही हिताचं. आंघोळीनंतर लगेच, किंवा गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवून, मग फेस.

दिशा आधी शोधून ठेवा. दोन दिवसांच्या दाढीवर बोट चारही बाजूंनी फिरवा; जिकडे बोट अडखळतं ती उलटी बाजू. गालावर केस बहुधा खाली जातात, पण जबड्याखाली ते आडवे, वर, कधी भोवऱ्यासारखे वाढतात. गळ्यावर वरून खाली हा नियम डोळे मिटून पाळणाऱ्या कित्येकांची नकळत उलटी दाढी होत असते.

दाढीनंतर गार पाणी, साधं बिनसुगंधी मॉइश्चरायझर, बस. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह जंतू मारतं, पण खरवडलेली त्वचा आणखी कोरडी करतं. तुरटी रक्त थांबवते. जिथे कापलं तिथे टेकवा, सगळ्या गालावर फासू नका. केस काढायच्या क्रीमचा मोह चेहऱ्यासाठी टाळा. ती केस विरघळवण्याइतकी तीव्र अल्कधर्मी असते, नाजूक चेहरा भाजल्यासारखा होतो.

आणि औषधाच्या दुकानातून "पुरळ आलंय, काहीतरी द्या" म्हणून खाज-गजकर्णाची मिश्र ट्यूब कधीच आणू नका. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा झकास दिसतो, मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि ट्यूब सोडली की पुरळ दुपटीने उसळतं. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध अनेक वर्षं ओरडून सांगत आहेत. पू धरणारे फोड, वाढत जाणारं गोल खाजरं गजकर्ण, किंवा महिना दाढी थांबवूनही न बसणाऱ्या पुटकुळ्या असतील तर सरळ डॉक्टर गाठा.

ज्यांना लष्करासारख्या नोकरीमुळे रोज घोटून दाढी करणं भाग आहे आणि पुटकुळ्याही थांबत नाहीत, त्यांनी डॉक्टरांशी केस काढणाऱ्या लेझरबद्दल बोलावं. सावळ्या त्वचेला सहसा 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात. बैठका अनेक लागतात, पांढऱ्या केसांवर ते चालत नाही, आणि पातळ झालेली दाढी नंतर पूर्वीसारखी दाट वाढवता येईलच असं नाही. म्हणून फक्त मानेपुरतं करून घेण्याचा पर्याय आधी विचारा.