क्रूसह की स्वावलंबी? अतिदीर्घ पल्ल्याच्या सायकल शर्यतीसाठी शरीराची तयारी

अनेक दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतींचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत आणि पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्याला त्यांतला एक निवडावा लागतो. पहिल्या प्रकारात स्पर्धकासोबत गाडी आणि क्रू, म्हणजे मदतनीसांचा चमू, असतो. १९८२ मध्ये चार स्पर्धकांनिशी सुरू झालेली, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. दुसऱ्या प्रकारात स्पर्धक आपले सामान आपणच वाहतो, वाटेतल्या दुकानांतून खाणेपिणे घेतो आणि आधी ठरवून ठेवलेली कोणाचीही मदत घेत नाही. २०१३ पासून युरोपात होणारी ‘ट्रान्सकॉन्टिनेन्टल रेस’ या प्रकारातली. बहुतेक जण खर्च आणि साहसाची ओढ यांवरून निवड करतात. माझ्या मते ती दोन प्रश्नांवरून करावी: आपल्या शरीराचा कोणता भाग आधी दगा देईल, आणि तो दगा देऊ लागल्याचे वेळेवर कोणाच्या लक्षात येईल?

मूळ सरावात फारसा फरक नाही. दोन्हीकडे आठवड्यातला बहुतांश वेळ शेजारच्याशी सहज बोलता येईल इतक्या संथ श्रमात घालवायचा, एक-दोन दिवस जोरकस इंटरव्हल (थोडा वेळ जोर, थोडा वेळ उसंत असे आलटून-पालटून) करायचे आणि शनिवार-रविवारी लागोपाठ दोन लांब फेऱ्या करायच्या, म्हणजे थकल्या पायांनी पुन्हा सायकलवर बसण्याची सवय होते. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ सहा वेळा जिंकणाऱ्या ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ श्ट्रासरने २०२२ आणि २०२३ मध्ये ‘ट्रान्सकॉन्टिनेन्टल’ही जिंकली, यावरून पायांची आणि हृदयाची तयारी दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते हे दिसते.

फरक पडतो तो सीटवर बसून काढलेल्या तासांत. क्रू असलेला, पण सगळे अंतर एकट्यानेच सायकल चालवणारा आघाडीचा (एकल) स्पर्धक दिवसाकाठी जेमतेम एक-दोन तास झोपतो आणि चालत्या सायकलवरच खातो, त्यामुळे त्याची मान वीस-वीस तास त्याच कोनात ताणलेली राहते. पुढे वाकलेल्या धडावर डोके वर उचलून धरणारे मानेमागचे स्नायू अखेर काम सोडतात आणि हनुवटी छातीवर टेकते. पायांत ताकद शिल्लक असते, पण समोरचा रस्ताच दिसत नाही. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्पर्धकाला हा त्रास झाला आणि तेव्हापासून त्याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. कोणी हनुवटीखाली आधार बांधून, कोणी हेल्मेट पाठीला पट्ट्यांनी खेचून पुढे जातो, पण विश्रांतीवाचून त्यावर खरा उपाय नाही. म्हणून क्रूसह उतरणाऱ्याने मानेचे आणि खांद्यांच्या पात्यांमधल्या स्नायूंचे व्यायाम शर्यतीच्या कितीतरी महिने आधी सुरू करावेत आणि हँडलबार दिसायला कितीही बेढब वाटला तरी उंच ठेवावा. एरोबारने (कोपरे टेकून पुढे झुकण्यासाठी हँडलबारवर बसवलेल्या दांड्यांनी) तळहातांवरचा भार कमी होतो हे खरे, पण ते खाली बसवले तर धड आणखी झुकते आणि मान तेवढीच जास्त मागे वळवावी लागते.

स्वावलंबी स्पर्धकाला दुकानात शिरणे, बाटल्या भरणे, पंक्चर काढणे यांसाठी उतरावेच लागते आणि त्या सक्तीच्या थांब्यांत मान, हात आणि बैठक यांना थोडीफार उसंत मिळते. मात्र सामान स्वतः वाहण्याची किंमत गुडघे मोजतात. सामानासह चढ चढताना जड गिअर रेटला की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. त्यात सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. सरावाचे शेवटचे दोन महिने पूर्ण सामान लादूनच सायकल चालवावी आणि सपाट रस्त्यावर अनावश्यक वाटेल इतका हलका गिअर बसवून घ्यावा.

हातांचा धोका दोन्हीकडे आहे, पण एकट्या माणसाला तो जास्त नडतो. मनगटाच्या करंगळीकडील बाजूने जाणारी अल्नर नस हँडलबारवर दाबली जाते. आधी करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात, मग चिमटीतली ताकद जाते. खाऊचे पाकीट दाताने फाडावे लागते, जॅकेटची चेन ओढता येत नाही, ट्यूब बदलताना टायर रिमवर चढत नाही. क्रू असेल तर ही कामे दुसरे हात करतात. सीटवरच्या फोडांबाबतही क्रूचेच पारडे जड आहे, कारण घाम, घर्षण आणि जंतू या तिन्हींना आळा घालायला दर काही तासांनी धुतलेली कोरडी चड्डी मिळणे यासारखा उपाय नाही. एक-दोन चड्ड्यांवर भागवणाऱ्याने निदान झोपण्यापूर्वी त्वचा धुऊन कोरडी करण्याचा नियम मोडू नये.

आहारात क्रू तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके मोजून देऊ शकतो. ६० च्या वर जायचे असेल तर ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही लागते, कारण आतड्यात दोघांचे शोषणमार्ग वेगळे आहेत. स्वावलंबी स्पर्धकाचे पोट मात्र हाती लागेल ते पचवायला शिकलेले हवे. नुसते पाणी भरमसाट पिण्याने रक्तातले सोडियम घसरते, आणि बोटे सुजणे, मळमळ, डोके दुखणे ही त्याची लक्षणे थकव्याच्या लक्षणांत सहज हरवतात. क्रू स्पर्धकाचे वजन करू शकतो. शर्यतीत वजन वाढत असेल तर पाणी जास्त होते आहे हे उघड होते. (आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घामाने पाणी घटलेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करू शकतात, तेव्हा त्या ‘खबरदारी म्हणून’ घेण्याची प्रथा कोणत्याच प्रकारात समर्थनीय नाही.)

झोपेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. सलग १७ ते १९ तास जागे राहिल्यावर माणसाची प्रतिसादक्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी खालावते, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण खालावलो आहोत हे ज्याने ओळखायचे ती विवेकबुद्धीच आधी मंदावते. क्रू मागून पाहतो, सायकल पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे-पलीकडे डोलू लागली की साधी बेरीज विचारतो आणि उत्तर चुकले की उतरवतो. पाच वेळा ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जिंकणाऱ्या स्लोव्हेनियाच्या युरे रोबिचला भास होत आणि शर्यतीतले निर्णय त्याचा क्रूच घेत असे. मात्र क्रूही जागरणाने थकलेला असतो आणि त्यालाही शर्यत पूर्ण व्हायला हवी असते. एकट्या स्पर्धकाने म्हणून झोप आधीच ठरवून टाकावी: अमुक वाजता थांबायचे, चार-पाच तास झोपायचे, तेव्हा कितीही ताजेतवाने वाटत असले तरी.

नोकरी सांभाळून पहिल्यांदाच उतरणाऱ्याला, आणि जिंकणे हा ज्याचा हेतू नाही अशाला, मी स्वावलंबी शर्यत सुचवेन. तिथे वेग आणि झोप दोन्ही त्याच्या हाती राहतात, तर माणसे आणि गाड्या जमवून उतरलेल्याला थांबणे अवघड जाते. वारंवार फोड येणाऱ्याने किंवा हाताच्या नसेचा जुना त्रास असणाऱ्याने उलट निवड करावी, आणि एकट्याने झेपणार नसेल तर चौघांच्या रिले संघाचा विचार करावा.

नोंदणीपूर्वी ६०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करून पाहावी. तिला ४० तासांची मुदत असते, म्हणजे निदान एक रात्र रस्त्यावर जातेच. पूर्ण सामानासह केलेल्या अशा फेरीनंतर आठवडा उलटूनही करंगळी बधिर असेल, तर बाइक फिट (सीट, हँडलबार यांची शरीराला जुळवलेली मांडणी) बदलून पुन्हा चाचणी घेईपर्यंत स्वावलंबी शर्यतीत नाव घालू नये. मान शेवटच्या शंभर किलोमीटरमध्येच जड होऊ लागली असेल, तर क्रूसह एकल शर्यत निदान एक वर्ष पुढे ढकलावी.