रेप्युटेशन मॅनेजमेंट एजन्सी: अकरा महिन्यांचा अनुभव

आमच्या वकिली ऑफिसला एका स्टारचा रिव्ह्यू पडला आणि घाबरून आम्ही इंटरनेटवरचं नाव सांभाळून देणारी एजन्सी लावली. 'तीन वेळा फोन केला, तारखेचं काय झालं कुणी सांगेना', एवढाच मजकूर. पण सरांचं नाव गुगलवर टाकलं की आधी तोच दिसायचा.

सही घेताना एजन्सीने 'काढून टाकू' असं सांगितलं होतं. तो आजही तिथेच आहे. रिव्ह्यू बनावट किंवा शिवीगाळीचा असेल तर गुगल तक्रारीची दखल घेतं, नुसता झोंबतो म्हणून काढत नाही. मला हे चौथ्या महिन्यात कळलं. एजन्सीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

तरी एका संध्याकाळी पैसे वसूल झाले. सरांनी रागाच्या भरात उत्तर टाइप केलं होतं: 'कागद तुम्हीच वेळेवर दिले नाहीत, फीसुद्धा बाकी आहे.' टाकण्याआधी मी ते एजन्सीच्या मॅडमना पाठवलं. दोन मिनिटांत त्यांचा फोन: 'हे टाकलंत तर अशिलाची गोपनीय माहिती तुम्हीच चव्हाट्यावर मांडलीत म्हणून समजा.' अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेचं 2021 चं फॉर्मल ओपिनियन 496, म्हणजे वकिली आचारनियमांवरचं अधिकृत मत, सुद्धा त्यांनी पाठवलं. वाईट रिव्ह्यू आला एवढ्यावरून वकिलाला गोपनीयता मोडायची मुभा मिळत नाही, असं ते म्हणतं. दुकानदार बिनधास्त भांडू शकतो. वकिलाला 'हे आमचे अशील होते' एवढं म्हणणंही महागात पडू शकतं. शेवटी दोनच ओळी गेल्या: व्यावसायिक बंधनांमुळे इथे बोलता येत नाही, कृपया ऑफिसशी संपर्क साधा. सर दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलले.

बाकी काम यथातथाच. एकच प्रेस रिलीज शब्दही न बदलता डझनभर पोर्टलवर चिकटवायची आणि त्याला 'कव्हरेज' म्हणायचं. मासिक रिपोर्टात 'एव्हीई'चा कॉलम, म्हणजे बातमीएवढी जागा जाहिरातीसाठी घेतली असती तर किती पैसे पडले असते. जनसंपर्कवाल्यांनी स्वतःच 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांत हा हिशेब मोडीत काढलाय. मी विचारल्यावर पुढच्या महिन्यात तो कॉलम गायब झाला आणि जागी 'सेंटिमेंट' आला, म्हणजे बातमीचा सूर चांगला की वाईट हे सॉफ्टवेअरने ठरवायचं. सरांनी खुनाच्या खटल्यात आरोपीची निर्दोष सुटका करवली, ती बातमी त्यात 'निगेटिव्ह'. सॉफ्टवेअरला 'खून' तेवढा दिसला!

एक सल्ला मात्र आम्ही साफ नाकारला. 'अशिलांना आधी विचारा, खूश असतील त्यांनाच रिव्ह्यूची लिंक पाठवा.' असं निवडून मागणं गुगलच्या नियमांत बसत नाही. आम्ही काम संपलेल्या सगळ्यांनाच लिंक पाठवली. बरेच चांगले रिव्ह्यू आले, पण चांगलं लिहिणाऱ्यांतही तिघांनी 'फोन लागत नाही' म्हटलं होतं. म्हणजे तो पहिला माणूस खरंच बोलत होता. आता तारीख झाली की त्याच दिवशी ज्युनियर प्रत्येक अशिलाला फोन करतो. तो खर्च एजन्सीच्या बिलात नव्हता.

पूर्ण पॅकेज आम्ही बंद केलंय, उत्तरं तपासून देण्यापुरतं काम त्यांच्याकडे ठेवलंय. तिथेही एक घोळ निघाला: आमचं गुगल प्रोफाइल त्यांनी स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं, मालकी परत मिळवायला तीन आठवडे गेले. कुणी एजन्सी लावणार असाल तर प्रायमरी ओनर म्हणून पहिल्या दिवसापासून आपलाच ईमेल ठेवा.