ओल्ड कोर्स की म्यूरफील्ड?

स्कॉटलंडमधली ही दोन्ही गोल्फ मैदानं समुद्रकाठच्या वाळूवरची, पण घडण अगदी वेगळी. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा असा एकच रचनाकार नाही. शतकानुशतकांच्या खेळातून ते आकाराला आलं. 1764 साली तिथले 22 होल (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू छिद्रात जाईपर्यंतचा एक टप्पा) कमी होऊन 18 झाले आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला. गावातून निघायचं, टोकाला वळायचं, परत यायचं. म्हणूनच सात ग्रीन, म्हणजे छिद्राभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळी, जोडीचे आहेत, दोन होलना मिळून एक: दुसऱ्या होलचा सोळाव्याबरोबर, पाचव्याचा तेराव्याबरोबर. कुठलीही जोडी घ्या, बेरीज 18! एकाच ग्रीनवर दोन झेंडे, जाणाऱ्यांचा पांढरा, परतणाऱ्यांचा लाल.

म्यूरफील्ड मात्र 1891 मध्ये ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखलं आणि 1920 च्या दशकात हॅरी कोल्ट यांनी त्यात मोठे बदल केले. पहिले नऊ होल बाहेरच्या बाजूने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, पुढचे नऊ आतून उलट दिशेने. वारा सारखा वेगळ्या बाजूने लागतो. निव्वळ आखणी बघितली तर हेच सरस. पण क्लब खासगी, आणि महिलांना सदस्यत्व द्यायचं ठरायला 2017 उजाडलं. ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे. रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी तिथे खुशाल फिरतात. त्यासाठीच माझं मत ओल्ड कोर्सला.