पेशंटसाठी दुसरा नंबर : नऊ महिने वापरल्यावर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलुंड ते दादर या पट्ट्यात पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. बारा वर्षं एकच नंबर होता. बँकेकडे तोच, मुलीच्या शाळेत तोच आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकांच्या सुनेकडेही तोच. एका पेशंटच्या घरच्यांनी तो चांगल्या हेतूने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि पहाटे साडेपाचपासून फोन सुरू झाले. पण खरं खटकलं ते वेगळंच. व्हॉट्सॲपवरचा माझा मुलीसोबतचा फोटो आता कोणीही अनोळखी माणूस उघडून बघत होता. फेब्रुवारीत ठरवलं, कामाचा नंबर वेगळा करायचा.

आधी एका ॲपवर व्हर्च्युअल नंबर घेतला, म्हणजे सिमशिवाय इंटरनेटवर चालणारा. सिम नको, मोबाइल कंपनीच्या गॅलरीत (दुकानात) खेपा नकोत, म्हणून. मिळाला तो परदेशी कोडचा. विक्रोळीच्या आजींनी तो कोड बघून फोन उचललाच नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. असे फोन घेऊ नका म्हणून आपणच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगत असतो. व्हॉट्सॲपनेही तो नंबर स्वीकारला नाही, आणि नेट गेलं की नंबरही गेला. महिना संपला तसा सोडून दिला. कुठे नोंदणीपुरता नंबर हवा असेल तर ठीक आहे, पेशंटला द्यायला अजिबात नाही.

मग नवं सिम घेऊन जुन्या हँडसेटमध्ये टाकलं. पर्समध्ये दोन फोन, दोन चार्जर, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये दोन्ही सांभाळायचे. तीन आठवडे केलं. शेवटी तोच नंबर माझ्या रोजच्या फोनमध्ये ई-सिम करून घेतला, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसवलेलं सिम. फोन ई-सिम घेतो का हे बघायला *#०६# दाबा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) याच्यासोबत ३२ आकडी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर घेतो.

सिम घेण्याआधी एक काम आवर्जून करा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. एका माणसाला नऊच चालतात. माझ्या नावावर तीन निघाले. एक माझा, एक आईचा आणि तिसरा कॉलेजातल्या डोंगलचा, जो डोंगल कधीच भंगारात गेला. तो ‘नको’ म्हणून कळवला. आपल्या आधारवर चालू असलेला नंबर कोणाच्या हातात आहे हे माहीत नसणं ही साधी गोष्ट नाही.

नंबर निवडताना मात्र मी चुकले. दुकानदाराने पाच नंबर दाखवले, मी लक्षात राहायला सोपा तो उचलला. दुसऱ्याच दिवसापासून कर्जवसुलीचे फोन. आधी ज्याचा नंबर होता त्याने कुठल्यातरी कंपनीचे पैसे थकवले होते. “मी ती व्यक्ती नाही” हे मी दीड महिना रोज सांगत होते, आणि पलीकडचा माणूस आवाज चढवून माझ्या घरचा पत्ता मागत होता. एकदा मुलीने फोन उचलला, तेव्हा मला रडू आलं. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, त्यातून हे होतं. म्हणून दुकानात उभं असतानाच एकेक नंबर व्हॉट्सॲपवर टाकून बघा. कोणाचा फोटो दिसला की तो नंबर वापरलेला आहे, दुसरा घ्या. तसंच आपला नंबर कधी सोडायची वेळ आली तर आधी बँकेतून आणि यूपीआयमधून तो काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोणता नंबर ई-सिमवर आणि कोणता खऱ्या सिमवर ठेवायचा? मला याचं उत्तर जुलैत मिळालं. कुर्ल्याला पाणी भरलं होतं, रुळांवरून चालत येताना फोन पिशवीसकट भिजला आणि बंद पडला. घरी आल्यावर टाचणीने सिमचा खण उघडला, बँकेचं सिम पुसून सासऱ्यांच्या फोनमध्ये टाकलं, पाच मिनिटांत ओटीपी यायला लागले. ई-सिमला काढायला काही नाहीच. गॅलरीत जा, पुन्हा आधार द्या, नवा क्यूआर घ्या. त्यात सिम बदललं की २४ तास एसएमएस येत नाहीत. सिम-स्वॅपच्या, म्हणजे आपल्या नंबरचं नवं सिम भलत्यानेच काढून घेण्याच्या, फसवणुकी रोखायला केलेला नियम आहे, योग्यही आहे. पण ई-सिमवर बँकेचा नंबर असता तर मी अडकलेच असते. कामाचा नंबर दोन दिवस बंद राहिला, तेवढ्यावर भागलं.

याची दुसरी बाजूही सांगते. फोन चोरीला गेला तर खरं सिम काढून चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातात. ई-सिम असं काढता येत नाही. म्हणून मी खऱ्या सिमला सिम पिन, म्हणजे आकड्यांचा कोड, लावली आहे. फोनच्या लॉकपेक्षा ही वेगळी असते, सिम कुठल्याही फोनमध्ये घातलं तरी आधी पिन मागतं. तीनदा चुकली की पीयूके (सिम पुन्हा उघडायचा कंपनीचा कोड) लागतो, त्यामुळे पिन लिहून ठेवा.

खर्च धरूनच चला. सिम फुकट मिळतं, जिवंत ठेवायला पैसे लागतात. २०२४च्या डिसेंबरमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसची रिचार्ज ठेवायला लावली, ती दुसऱ्या नंबरला उत्तम. ८४ दिवसांचं साडेचारशेच्या आसपास पडतं. डेटा पहिल्या सिमचा वापरते, कामाच्या नंबरचं व्हॉट्सॲप बिझनेसही त्याच डेटावर चालतं. तिथे फोटो फक्त माझ्या नावाच्या पाटीचा आहे, आणि रात्री आठनंतर “सकाळी फोन करते” असं उत्तर आपोआप जातं.

एक तक्रार अजून आहे. माझ्या फोनवर एका नंबरवर बोलत असताना दुसरा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ सांगतो. घरी वायफाय कॉलिंगवर हे होत नाही, बाहेर होतं. भांडुपच्या काकूंनी दोनदा विचारलं, “ताई, फोन बंद का ठेवता?” त्यांना समजावून सांगितलं, आता त्या मेसेज टाकतात.

रविवारी जेवणं झाली की सेटिंगमध्ये कामाची लाइन बंद करते. घरच्यांचे फोन येत राहतात. दोन पेशंटच्या घरी मात्र माझा जुना नंबर अजून आहे. दोघांनाही पक्षाघात झालेला आहे आणि घरात सांभाळायला एकेकच माणूस. त्यांच्याकडून तो काढून घेणार नाही.